गावाच्या आराखड्यात आपली वस्ती कुठे आहे?

वाचकहो, दरवर्षी आपल्या गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. नाली, दिवे, झाडे, अभ्यासिका, स्मशानभूमीची शेड, सारे त्यात येते. जे काम आराखड्यात नाही, त्याला पैसा मिळणे कठीण. म्हणून 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांना घर रिकामे ठेवून जा.

जाण्याआधी हिशेब समजून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ती कोठे गेली, हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे, हक्क आहे.

बऱ्याच ठिकाणी वेशीत कमान उभी राहते, वस्तीत पेव्हर ब्लॉक बसतात आणि त्यालाच विकास म्हणतात. सारी जमीन झाकली तर पावसाचे पाणी मुरणार कोठे? विहारासमोर पिंपळ, शाळेजवळ कडुनिंब मागा. पण नुसती रोपे मागू नका. कुंपण कोण घालील, पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी कोण घालील, हेही ठरावात लिहून घ्या. रोप लावल्याचा फोटो निघतो, सावली मात्र राखणाऱ्यालाच मिळते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. पाण्यासाठी पायपीट आयाबहिणींची होते, तेव्हा पहिली मागणी त्यांनीच मांडावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे वाचून पाहा, मगच सही करा.