खरा खुनी सापडलाच पाहिजे काय?

१९५७ ते १९६६ या काळात सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाहिनीवरून ‘पेरी मेसन’ या मालिकेचे २७१ भाग दाखविले गेले आणि त्यांतील बहुतेकांची समाप्ती एकाच शिरस्त्याने झाली: सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर याने अभेद्य वाटणारा साक्षीपुरावा रचावा, रेमंड बर यांनी साकारलेल्या मेसनने उलटतपासणीत एखाद्या वेळेवर किंवा एखाद्या पिस्तुलावर शांतपणे बोट ठेवावे, आणि साक्षीच्या पिंजऱ्यातील, क्वचित प्रेक्षकांच्या बाकांवरील, कोणा तरी सभ्य गृहस्थाने एकाएकी खचून भर न्यायालयात कबुलीजबाब द्यावा. या रचनेचे कौशल्य निर्विवाद असले, तरी तिने न्यायाविषयी लोकांच्या मनात रुजविलेली कल्पना मात्र मुळातच सदोष आहे, असे माझे मत आहे.

मेसनचे पुष्कळसे मुकदमे हे पूर्ण खटले नसून कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील प्राथमिक चौकशी असत. तेथे ज्यूरी नसते, आणि आरोपीस खटल्यासाठी पाठविण्याइतका सकृद्दर्शनी पुरावा आहे की नाही, एवढेच न्यायाधीशाने पाहावयाचे असते. बारा ज्यूरर बसविण्याचा खर्च त्यामुळे वाचला खरा. पण सरकारपक्षाने गुन्हा निःसंशय शाबीत केला काय, हा फौजदारी न्यायाचा गाभ्याचा प्रश्न पडद्यावर येणेच त्यामुळे दुर्मीळ झाले. त्याच्या जागी दुसराच प्रश्न आला: मग खुनी कोण? १९६३ मधील एका भागाच्या आरंभीच मेसनच्या अशिलास मृत्युदंड सुनावला जातो. परंतु तेथेही पुराव्यातील वैगुण्य तिला वाचवीत नाही, खरा अपराधी हाती लागतो तेव्हाच तिची सुटका होते.

वास्तविक, आरोपीच्या वकिलावर खुन्याचा शोध लावण्याचे ओझे कायद्याने कधीच टाकलेले नाही. मेसनचे जनक अर्ल स्टॅनले गार्डनर हे स्वतः वकिली केलेले गृहस्थ असल्यामुळे त्यांना हे पुरते ठाऊक होते. १९४८ मध्ये ‘आर्गसी’ मासिकाच्या आश्रयाने त्यांनी ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ हा उपक्रम आरंभिला आणि चुकीने शिक्षा झाल्याचा संशय असलेल्या बंदिवानांची प्रकरणे तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतली. जुने दस्तऐवज, साक्षीदारांच्या जबान्या, वैद्यकीय निष्कर्ष यांची ती चिकाटीची छाननी होती; भर न्यायालयात कोणी कोसळून पडण्याची सोय तीत नव्हती.

मालिकेच्या बाजूने एवढे अवश्य म्हटले पाहिजे की, पोलिसांचे म्हणणे कितीही घट्ट विणलेले दिसले तरी ते तपासून पाहावे लागते, ही जाणीव तिने घरोघरी पोहोचविली. तथापि सुटकेस दुसऱ्याच्या कबुलीजबाबाची जोड लागते, अशी सवय मनाला जडली, की केवळ वाजवी शंकेच्या बळावर सुटलेला मनुष्य जन्मभर संशयितच राहतो. आपल्याकडेही ‘पुराव्याअभावी सुटका’ अशी बातमी वाचून ‘म्हणजे केला असणारच’ असे म्हणणारे वाचक थोडे नाहीत. अशा वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पुराव्याअभावी कोणी सुटतो तेव्हा तपासयंत्रणा हरलेली असेल, परंतु न्यायालयाने आपले कर्तव्य यथासांग बजावलेले असते.