सांडव्याचाही फोटो निघायला हवा

दोन महायुद्धांमधल्या काळात शहरांच्या नामांकित वास्तू नव्या नजरेने टिपणाऱ्या स्त्री छायाचित्रकारांचा विषय निघाला, की तीन आक्षेप ठरलेले. ते पोटापाण्याचे फोटो, कला नव्हे. कॅमेऱ्यामागे बाई की पुरुष, याने काय फरक पडतो? आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या त्या गोष्टींशी आपला काय संबंध? यातला एकही आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही.

पहिला घेऊ. बेरेनिस ॲबट यांनी ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे काम 1935 ते 1939 या काळात सरकारी पगारावर केले. जर्मेन क्रुल नियतकालिकांसाठी फोटो काढून पोट भरत. त्याच क्रुल यांच्या 1928 च्या ‘मेताल’ संचातली 64 छायाचित्रे पाहा. प्रवासी लांबून अख्खा आयफेल टॉवर बघतो. क्रुल त्याच्या पोटात शिरल्या आणि तुळया, जोड, चाके यांचे तिरपे आकार त्यांनी समोर ठेवले. मोबदला घेतल्याने नजर उणी होत असेल, तर अजिंठ्याच्या चित्रकारांनाही कारागीर म्हणून बाजूला सारावे लागेल.

दुसरा आक्षेप वरवर उदार वाटतो, पण इतिहास वेगळे सांगतो. जर्मनीतल्या देसाऊ शहरातली बाउहाउस या कलाशाळेची इमारत जगाला माहीत झाली ती मुख्यतः लुसिया मोहोली यांच्या छायाचित्रांतून. 1933 मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली, काचेच्या निगेटिव्ह मागे राहिल्या, आणि पुढे अनेक वर्षे ते फोटो त्यांच्या नावाविना छापले गेले. मुंबईत होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने प्रसिद्ध झाले. नाव गाळताना भेद केला गेला. ते परत लिहिताना मात्र भेद नको म्हणणे हा न्याय नव्हे.

आता तिसरा. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाईंनी ‘लाइफ’ मासिकाचे जुने अंक पाहून आधुनिक छायाचित्रणाचे वळण आत्मसात केले आणि ते मुंबईच्या रस्त्यांना, वर्गमैत्रिणींना, व्हिक्टोरिया टर्मिनसला लावले. त्याच ‘लाइफ’च्या नोव्हेंबर 1936 च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे होते. विषय शहरातली इमारत नव्हे, तर मोंटानातल्या फोर्ट पेक धरणाचे काम: सांडव्याचे अवाढव्य काँक्रीट आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढी दोन माणसे. त्या दोन माणसांमुळेच बांधकामाचा आवाका कळतो.

म्हणजे ही नजर शहरापुरती कधीच नव्हती. मग ती आपल्या बोदलकसाला का लागू नये? तिरोड्याजवळचा हा जलाशय 1917 चा. त्याचे फोटो पाहावेत तर सूर्यास्त, डोंगर आणि पाखरे. तेही सुंदरच, पण ज्या पाळीने हे पाणी अडवले, ती पाळ, तिच्यावरची दगडी पिचिंग, सांडवा, पाटाचे दार चौकटीत येत नाही. हजारो हातांनी माती टाकून केलेले काम निसर्गाच्या खाती जमा होते.

म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी छायाचित्र स्पर्धांत पक्ष्यांबरोबर बांधकामाचाही विभाग ठेवावा. तलाव, पाळी, पूल, रेल्वे स्थानके मुलींना जवळ जाऊन, खालून, वरून, तिरपे पाहू द्यावे. आणि फोटो छापताना त्याखाली काढणारीचे पूर्ण नाव द्यावे.