चावी हरवली तर अंधाराआधी घर गाठा

मुंबईतल्या आरे कॉलनीत सायकलीवर पुष्कळांचं रोजचं चालतं. पाड्यावरची मुलं तिच्यावरून शाळेला जातात. कुणी तबेल्यावर कामाला जातं, कुणी फिल्मसिटीकडे. पहाटे बाहेरची मंडळीही झाडांच्या सावलीत सायकल चालवायला येतात.

यातल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. सायकल समोर उभी आहे, कुलूप लागलेलं आहे आणि खिशात चावी नाही.

अशा वेळी हात आपसूक दगडाकडे जातो. तो आवरा. साधं कुलूप दोन-चारशे रुपयांत पुन्हा मिळतं. फुटलेलं बोट आणि दुखावलेला डोळा मिळत नाही.

आधी घड्याळ बघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येतं. उजेड भरपूर असेल तर शांतपणे शोधा. सगळे खिसे उलटे करा. पिशवीचं अस्तर चाचपा. जिथे बसलात, चहा घेतलात, पैसे काढलात, तिथे परत जाऊन बघा. चावी बहुतेक वेळा पैसे किंवा मोबाइल काढतानाच पडते.

दिवस कलला असेल तर शोध थांबवा. ही सूचना कृपा करून हलक्यात घेऊ नका. आरेला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि बिबट्या इथला जुना रहिवासी आहे. 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे लागोपाठ हल्ले झाले. 2022 च्या दिवाळीत एका चिमुरडीचा जीव गेला. गवतात वाकून किंवा उकिडवं बसून चावी शोधणारा माणूस बिबट्याला लांबून लहान सावजासारखा दिसतो. म्हणून संध्याकाळी झुडपात शिरू नका, एकटे थांबू नका. चालताना मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा. मुलांना तर चावी शोधायला परत पाठवूच नका. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

आता सायकलचं काय करायचं, ते बघू.

मागच्या चाकाचं गोल कुलूप असेल तर काम सोपं आहे. सीट किंवा कॅरिअर धरून मागचं चाक उचला. पुढचं चाक फिरतं, त्याच्या आधारानं सायकल ढकलत न्या. दोघं असाल तर एकानं हँडल धरावं, दुसऱ्यानं मागची बाजू उचलावी. दर थोड्या अंतरावर थांबा, पाठीवर ताण घेऊ नका. कुलूप लागलेली सायकल जमिनीवरून फरफटत नेऊ नका. टायर झिजतो, स्पोक वाकतात. लांब जायचं असेल तर ओळखीच्या टेम्पोवाल्याला विचारा. आरे कॉलनी तीन हजारांहून जास्त एकरांत पसरली आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उचलून नेणं धडधाकट माणसालाही झेपत नाही.

साखळीनं किंवा वायरनं खांबाला बांधलेली असेल तर ती तिथेच राहू द्या. जवळच्या टपरीवाल्याला किंवा तबेल्यांच्या युनिटच्या वॉचमनला सांगून ठेवा. दिवा, पंप, पिशवी काढून घ्या. मोबाइलवर सायकलचा एक फोटो काढा आणि बस किंवा रिक्षानं घरी जा. सकाळी उजेडात सोबत घेऊन परत या.

घरी आल्यावर दुसरी चावी शोधा. बहुतेक कुलपांबरोबर दोन चाव्या मिळतात. एक आपण वापरतो, दुसरी कुठेतरी ठेवून विसरतो. देवघराचा खण, शिलाई मशीनचा खण, सायकलच्या बिलाचं पाकीट, सगळीकडे हात घाला. कुलूप तोडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा.

दुसरीही नसेल तर चावीवाला गाठा. चाकाच्या कुलपाला चावी बनवून घ्यायची तर सायकल त्याच्यापर्यंत न्यावी लागते. जाताना खरेदीचं बिल घ्या. बिल नसेल तर सायकलबरोबरचा तुमचा जुना फोटो दाखवा. चांगला चावीवाला ‘सायकल तुमचीच ना?’ असं विचारतो. त्याचा राग मानू नका. जो विचारतो, तोच उद्या तुमची सायकल दुसऱ्याला उघडून देणार नाही.

कधी चावी हरवत नाही, कुलपातच तुटते. तुटलेला तुकडा आत ढकलू नका. चिकटवायचा डिंक तर आत मुळीच घालू नका. दोन्ही तुकडे मिळाले तर चावीवाला त्यावरून नवी चावी करून देऊ शकतो.

पावसाळ्यात कुलूप गंजतं आणि चावी असूनही फिरत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, थोडा वेळ थांबा, चावी हलक्या हातानं फिरवून बघा. खोबरेल किंवा खायचं तेल घालू नका. त्यावर धूळ बसून चिकटा होतो आणि कुलूप आणखी अडतं.

कापण्यावाचून इलाजच नसेल तर ते काम सायकलवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे करून घ्या. हातोड्यानं ठोकू नका. ठोकताना रिम वाकते, चाक वाकडं फिरतं आणि ब्रेकला घासतं. शंभर रुपये वाचवायला गेलात तर नवं चाक गळ्यात पडतं.

कटर मशीननं कापताना डोळ्यांवर चष्मा हवा. टायरवर ओलं फडकं टाकायला सांगा, नाहीतर ठिणगीनं ट्यूब जाते. गोल कुलपात ताणलेली स्प्रिंग असते. कापल्याबरोबर तुकडा उडू शकतो. मुलांना लांब उभं करा. कापलेली कड तापलेली आणि धारदार असते, तिला लगेच हात लावू नका.

आणखी एक विनंती. हे मशीन वाळलेल्या गवताजवळ चालवू नका. 2018 च्या डिसेंबरात आरेच्या डोंगरावर मोठी आग लागली होती, ती गोरेगावकरांनी आपल्या गॅलरीतून पाहिली आहे. पाऊस संपला की इथलं गवत काडीसारखं पेट घेतं. कुलूप कापायचं तर पक्क्या जमिनीवर, बाजूला पाण्याची बादली ठेवून.

स्वतःच्या सायकलचं कुलूपही एकट्यानं, आडबाजूला उभं राहून फोडू नका. बघणाऱ्याला तुम्ही चोर वाटाल आणि गोष्ट हातघाईवर येईल. सोबत शेजारी घ्या. वॉचमनला आधी सांगा. तुम्ही बघणाऱ्यांपैकी असाल, तर अंगावर धावून जाण्याआधी नीट विचारा. एखाद्या पोराची खरोखरच चावी हरवलेली असते. उत्तर पटलं नाही तर मारहाण न करता 112 ला फोन करा.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी आज संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा.

सायकल उलटी करा. पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर एक नंबर कोरलेला असतो. काही सायकलींवर तो सीटखालच्या नळीवर असतो. तो वहीत लिहा, बिलाचा फोटो काढून ठेवा. सायकल चोरीला गेली तरी हाच नंबर पोलिसांना सांगता येतो.

दुसरी चावी शेजारच्या विश्वासाच्या घरी ठेवा. सीटखाली किंवा हँडलच्या नळीत लपवू नका, चोर तिथेच आधी बघतो. चावीवर बारीक नंबर असेल तर तोही लिहा. चावीचा फोटो मात्र कुणाला पाठवू नका. फोटोवरून चावी बनवता येते.

चावीला लाल दोरा किंवा मोठं कडं बांधा. हिरव्या गवतात लाल रंग पटकन दिसतो. मुलांची चावी दप्तराच्या आतल्या खणाला दोऱ्यानं बांधून द्या.

आणि मुलांना एक वाक्य नक्की सांगा. ‘चावी हरवली तर रागावणार नाही, फक्त उजेडात घरी ये.’ रागाच्या भीतीनं मूल अंधारात एकटं गवत चाचपत बसतं. आरेत ती भीती महागात पडते. कुलूप उद्या सकाळीही उघडेल. मूल आज दिवेलागणीला घरात हवं.