पुड्याची मागची बाजू

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी तपासणीला आले. मधुमेह जुना. पथ्य कडक, गोळ्या वेळेवर, तरी जेवणानंतरची साखर खाली येईना. खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोड सोडलंय. चहाबरोबर फक्त शुगर फ्री बिस्किटं घेतो, सकाळी सहा, संध्याकाळी सहा. चालतील, असं तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणालो होतो खरा. पुडा मात्र मीही कधी उलटून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना तो घेऊन यायला सांगितले. दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत 'शुगर फ्री'. हा दावा कायद्याने खोटा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर तसे छापता येते. पण ही अट साखरेपुरती आहे, पिठापुरती नाही. मागे घटकांच्या यादीत पहिलेच नाव मैद्याचे होते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे पुड्यात सर्वांत जास्त मैदाच. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि पचनानंतर त्यांचे ग्लुकोजच होते.

नियम निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. पाण्यात पुन्हा कालवलेल्या रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिलाच. माझी तक्रार वेगळी आहे. दावा पुढे, मोठ्या अक्षरांत. आकडे मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेही इंग्रजी किंवा हिंदीत असले की नियम पाळला जातो, मराठीची सक्ती नाही. आपल्या आजीबाईंनी ते वाचायचे कसे? माझ्या मते, जो 'शुगर फ्री' छापेल त्याने शेजारीच, तेवढ्याच अक्षरांत, एकूण कर्बोदकांचा आकडाही मराठीत छापावा.

तोवर वाचकहो, एवढे करा. पुडा उलटा करा. पहिले तीन घटक वाचा. १०० ग्रॅममागे कर्बोदके किती ते पाहा. वाचता येत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या.

गुरुजींना बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे सांगितले आहेत. आणि हो, डॉक्टर "चालेल" म्हणाला, तरी पुडा एकदा उलटून बघाच!