साडेचार व्होल्ट

नातवाने गिटारसाठी घरीच एक इफेक्ट पेडल जोडलं. तार हळू छेडली तर आवाजच नाही, जोरात छेडली तर फाटका. "आजोबा, आयसी गेली. नवी आणतो," म्हणाला. मी भाषेचा मास्तर, मला त्यातलं काय कळणार! पण म्हटलं, आधी मोजून तर बघ.

मोजता मोजता त्यानेच मला समजावलं. बॅटरीचे नऊ व्होल्ट दोन सारख्या रेझिस्टरनी निम्मे करायचे. त्या साडेचारच्या वर-खाली सूर हलतो. मीटर मात्र आठच्या वर दाखवत होता. एका जागी दहा हजार ओहमऐवजी एक लाखाचा रेझिस्टर बसला होता. तिसरा पट्टा नारिंगीऐवजी पिवळा! आयसी ठणठणीत होती.

माझं मत विचाराल तर, चूक नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय काही बदलू नये. सांगतोय खरा, पण नोकरीत असताना 'पुन्हा लिही' एवढाच शेरा मारून मी कितीतरी निबंध परत केले. कुठलं वाक्य बिघडलंय ते दाखवलं नाही. पोरांनी बिचाऱ्यांनी चांगली वाक्यंही खोडली असतील.