सरकारच्या ठेक्यात मजुरी कोणाच्या खिशातून जाते?



सरकारी ठेक्यावर राबणाऱ्यांच्या मजुरीचा विषय शेतकऱ्यांच्या पत्रकात कशाला, असे काही जण विचारतील. कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीच्या खरेदीचे बोला, म्हणतील. आम्ही भावाचेच बोलतो आहोत. तुमच्या मालाचा भाव ज्या रीतीने पाडला जातो, त्याच रीतीने सरकारच्या दारात तुमच्या लेकरांच्या घामाचा भाव पाडला जातो.

तालुक्याला जाऊन पाहा. दवाखान्यात झाडू मारणारी बाई, वीज उपकेंद्रावर रात्रपाळी करणारा पोरगा, कचेरीत संगणकावर बसलेली मुलगी, गोदामातला हमाल, ही कोणाच्या घरची माणसे? पाच एकर कोरडवाहूत दोन भावांचे भागत नाही, म्हणून एक जण ठेक्यावर गेला. त्याच्या पगारातून बियाणे येते, आईचे औषध येते. तो पगार दोन-तीन महिने अडकला की इकडे पेरणीच्या वेळी सावकाराचे दार ठोठवावे लागते.

आता हा ठेका चालतो कसा ते पाहू. शेतीचा उत्पादन खर्च मांडतो तसाच हिशेब मांडू.

समजा, एका सरकारी कचेरीला २० सफाई कामगार हवेत. समजा, किमान वेतन महिना १२,००० रुपये आहे. त्यावर मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी व त्याचा खर्च मिळून १३ टक्के, म्हणजे १,५६० रुपये. राज्य विम्याचे ३.२५ टक्के, म्हणजे ३९० रुपये. एका माणसाचे झाले १३,९५०. वीस जणांचे २,७९,०००. बोनस, रजा, झाडू-फिनेल आणि ठेकेदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. यापेक्षा एक रुपयाही कमी दराने हे काम कायद्याने होऊच शकत नाही.

तरीही निविदा येते २,६५,००० ची, आणि सर्वात कमी दर म्हणून साहेब तीच मंजूर करतात. मग १४,००० रुपये कुठून येणार? प्रत्येक कामगाराच्या ताटातून ७०० रुपये काढूनच ना! ठेकेदाराची कमाई त्याहून वेगळी. साहेबाला बेरीज येत नाही असे नाही. मजुरी बुडणार हे ठाऊक असूनच तो सही करतो. बाजारात काटा मारणाऱ्याला आपण चोर म्हणतो. इथे काटा मारायची परवानगी सरकारच लिहून देते. कुंपणच शेत खाते ते असे.

दुसरी मेख महागाईची. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. ठेका मात्र दोन-तीन वर्षांचा, आणि पुष्कळदा दर पहिल्या दिवशी बांधलेला. भत्ता वाढला की ठेकेदार म्हणतो, मला वाढवून मिळत नाही, मी कुठून देऊ? कचेरी म्हणते, तो ठेकेदाराचा प्रश्न.

तिसरी मेख चुकाऱ्याची. एकाधिकार कापूस खरेदीत चुकाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बिल निघाले नाही म्हणून पगार नाही, हे उत्तर ठेक्यावरच्या पोराला पाठ झाले आहे.

हे सगळे बेकायदेशीर आहे, आणि आजचे नाही. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाडची बांधकामे चालू होती. मजुरांचे किमान वेतन होते रोज ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेई, मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. मजूर ठेकेदाराचे, आमचे नव्हेत, असे सरकारी यंत्रणांनी सांगून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. किमान वेतनापेक्षा कमी दिले तर ती घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारी ठरते, आणि ती थांबवणे सरकारचे कर्तव्य आहे, असा निकाल दिला. १९८३ मध्ये राजस्थानच्या दुष्काळी कामांबाबत त्याच न्यायालयाने सांगितले की दुष्काळाने नाडलेल्या माणसाच्या लाचारीचा फायदा सरकारने घेऊ नये, पूर्ण मजुरी द्यावी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत. त्यांना या निकालाचे मोल कळेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर काम करवून घेणाऱ्याने ती द्यावी आणि ठेकेदाराच्या बिलातून कापावी, ही १९७० च्या कायद्यातली तरतूद नव्या संहितेतही आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, हेही आहे. पण मूळ १९७० च्या केंद्रीय कायद्यातली ठेका मजुरांची तरतूद २० मजुरांपासून लागू होत होती, ती आता ५० वर नेली. तालुक्याच्या दवाखान्यात १२ जण आणि कचेरीत ८ जण, त्यांना हे कलम कुठून पुरणार? वेतन संहितेतल्या किमान वेतनाला मात्र माणसे मोजावी लागत नाहीत. ते एकट्या माणसालाही लागू आहे. म्हणून निविदेतच बंधन घालणे हा खरा उपाय आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत माणसे घेण्याचा निर्णय काढला. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय गेला, पण ठेके राहिले. आम्ही काही सरकारी नोकऱ्यांचा पसारा वाढवा म्हणणारे नव्हेत. काम ठेक्याने करायचे तर करा. पण ठेका कामाचा असावा, माणसाच्या पोटाचा लिलाव नसावा.

काही शेतकरी विचारतील, मजुरी वाढली तर आमची वेचणी महागणार नाही का? प्रश्न रास्त आहे. कापसाला भाव नाही म्हणून वेचणाऱ्या बाईला द्यायला आपला हात आखडतो, हे खरे. सरकारची तशी अडचण नाही. कायदा त्याचा, तिजोरी त्याची. आणि हमीभाव काढताना घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरतात, हे विसरू नका. श्रमाचा आकडा दाबायची सवय लागलेले सरकार मालाचा आकडाही दाबणारच. शेजारची बाई स्वस्तात राबली म्हणून आपला कापूस महाग विकला गेला, असे आजवर घडलेले नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो.

१. सरकारी सेवा ठेक्यात मजुरी, निर्वाह निधी आणि विमा यांची रक्कम निविदेबाहेर ठेवावी. चढाओढ फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्कावर व्हावी, आणि शून्य शुल्काची निविदा फेटाळावी.

२. भत्ता वाढला की त्याच महिन्यापासून ठेक्याची रक्कम आपोआप वाढावी.

३. सात तारखेपर्यंत पगार झाला नाही तर कचेरीने तो थेट कामगाराच्या खात्यात भरावा व बिलातून कापावा. मजूर ५० असोत की ५.

४. ठेक्याचा दर, कामगारांची संख्या आणि प्रत्येकाचे देय वेतन कचेरीच्या दारावर मराठीत लावावे.

मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या गावातून ठेक्यावर गेलेल्यांची यादी आणावी. कोणत्या कचेरीत आहे, हातात किती पडते आणि शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा झाला, एवढे तीन रकाने पुरेत. तोंडी तक्रार साहेब विसरतो. गावागावाची यादी टेबलावर पडली की त्याला उत्तर द्यावे लागते.