सुया, कंबर आणि निदान

भिवंडीत यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगारांना कंबरदुखी नवी नाही. गोळ्यांनी भागेना, की कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवतो. त्याने खरेच गुण येतो का?

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चिनी पद्धतीने ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना सहा महिन्यांनी चांगला फरक होता. नेहमीची औषधे व व्यायाम घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के. पुष्कळजण इथवरच वाचतात. पण तिसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या आणि त्यांच्यातही ४४ टक्क्यांना फरक पडला! म्हणजे आराम खरा, पण त्यात बिंदूंचे श्रेय थोडेच. विश्वास, स्पर्श आणि रुग्णाला दिलेला वेळ यांचा वाटा मोठा असावा. (सरकारी ओपीडीत नेमका वेळच नसतो.)

महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या उपचारकांची नोंदणी आणली. नोंदणीवरून सुई टोचणारा कोण ते कळते. दुखण्याचे कारण कळत नाही. कंबरदुखीबरोबर संध्याकाळची कणकण, घटते वजन, रात्री वाढणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. सुयांनी दुखणे दबले आणि दोन महिने गेले, तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून आधी तपासणी, एक्स-रे, गरज पडल्यास एमआरआय. क्षयाची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. साधी कंबरदुखी निघाली, तर सुया जरूर टोचून घ्याव्यात. मात्र पाकीट समोर फोडलेले हवे.